अण्णा निवडणुकीला उभा राहतोय म्हणे

माझ्या थोरल्या भावाला माणसं आवडत नसत. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगते. लातूरच्या बाजारात डाळ मिल चालवणारा माणूस असा असून चालत नाही, पण अण्णाचं चालत होतं, कारण त्याची डाळ चांगली असे. गिऱ्हाईक बोलणी खाई आणि डाळ घेऊन जाई. आम्हा लिंगायतांत भेटल्यावर ‘शरणार्थी’ म्हणायची पद्धत आहे. समोरच्यानं दोन्ही हात जोडून ‘शरणार्थी अण्णा’ म्हटलं की अण्णा नुसतं ‘हूं’ करायचा, तेही समोरचा वयानं मोठा असला तर. तो हमालांवर ओरडायचा, बायकोवर ओरडायचा, रेडिओवर बातम्या सांगणाऱ्यावरही ओरडायचा. मी त्याच्याहून दोन वर्षांनी धाकटी, पण माहेरी सगळे मला अक्काच म्हणायचे, कारण वागणं तसं होतं. आमची दोघांची भांडणं ऐकायला शेजारी जेवण उरकून ओट्यावर येऊन बसत.

ही गोष्ट घडली त्या वर्षी लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि पाऊस पडला नव्हता. पहिल्या गोष्टीचा आनंद एवढा दांडगा होता की दुसरीकडे लक्ष जायला लोकांना वेळच लागला. नळाला पाणी येईना, पण बाजारात जिकडं तिकडं ‘जिल्हा’ आला होता. चहाचं हॉटेल जिल्हा हॉटेल झालं. न्हाव्यानं पाटी रंगवून जिल्हा केशकर्तनालय करून घेतलं. कचेऱ्या मिळेल त्या भाड्याच्या घरात थाटल्या होत्या. एका ठिकाणी पुढच्या खोलीत साहेब आणि मागच्या अंगणात घरमालकाची म्हैस, आणि दोघांची मर्जी बघून आत जावं लागे. जो तो कशाचा ना कशाचा जिल्हाध्यक्ष झाला होता. संघटना नंतर काढता येते, अध्यक्षपद आधी धरून ठेवावं, असा एकूण विचार. त्यात जिल्हा परिषदेची निवडणूक आज लागते, उद्या लागते अशी रोज नवी खबर यायची.

मी मुदखेडला रेल्वेच्या क्वार्टरात. नवरा रेल्वेत, घर रुळांच्या इतकं जवळ की मालगाडी गेली की भांडी वाजायची. माहेरची बातमी यायची ती एसटीनं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडून. त्या उन्हाळ्यात पहिली बातमी आली की अण्णानं कोणालातरी आपणहून ‘शरणार्थी’ म्हटलं. माझा नवरा म्हणाला, दुसरा कोणी असेल, लांबून सगळे सारखे दिसतात. मग कळलं, अण्णानं आपली सायकल हमालाला देऊन टाकली. मग रेडिओ न्हाव्याला दिला. मग छत्री दिली चौकातल्या रसवंतीवाल्याला. पाऊस नसलेल्या साली छत्री देणारा आणि ती हात जोडून घेणारा, दोघांवरही बाजार दोन दिवस हसला.

हा रसवंतीवाला आता नीट ओळखून घ्या. उसाचा रस काढायचं त्याचं दुकान, पण त्या साली ना ऊस होता ना बर्फ. चरक गोणपाटाखाली झाकलेला आणि माणूस मोकळा. आवाज मात्र जबरदस्त. रस होता तेव्हा तो बसस्टँडवरच्या माणसाला चौकातून हाक मारून बोलावी. आता विकायला काही नव्हतं आणि आवाज तर होता. छत्री मिळाली त्या संध्याकाळी त्यानं अर्थ लावला. माणूस खामखा हात जोडत नसतो, घरातल्या वस्तू खामखा वाटत नसतो. अण्णा जिल्हा परिषदेला उभा राहतोय!

हे इतकं चपखल बसलं की लोकांना आपल्याला आधी कसं सुचलं नाही याचंच आश्चर्य वाटलं. अण्णा पहाटे उठून एकटाच फिरताना दिसतो, म्हणजे मतदारसंघ बघतो. वजन उतरलं, म्हणजे निवडणुकीच्या काळजीत आहे. जुन्या भांडणांबद्दल घरी जाऊन माफी मागतो, म्हणजे विरोधकांना गार करतो. कोणी तोंडावर विचारलं, ‘‘अण्णा, उभं राहनार ना?’’ तर तो म्हणायचा, ‘‘आता माझं काय राह्यलंय?’’ त्यावर लोक एकमेकांकडे बघून डोळे मिचकावत. काय पण नम्रता!

मीही मुदखेडला बसून हसत होते. नवऱ्याला म्हटलं, अण्णा निवडून आला तर पहिल्याच सभेत अध्यक्षाच्या कानाखाली वाजवील. मग एक दिवस लातूरचे एक पाव्हणे आले आणि माझ्या मुलासाठी अण्णानं दिलेली पुरचुंडी हातात ठेवून गेले. सोडली तर आत चांदीची डबी.

गळ्यातलं लिंग ज्या डबीत ठेवतात ती ही डबी. आमच्या आजोबांची. आजोबा गेल्यावर ती वडलांच्या गळ्यात आली, आणि वडील गेले त्या दिवशी थोरल्या काकांनी सगळ्यांसमोर अण्णाच्या गळ्यात घातली. अण्णाला एकच मुलगी, निलंग्याला दिलेली, तेव्हा पुढे ही डबी भाच्याकडे येणार हे ठरल्यासारखंच होतं. पण ती येते तेव्हा आधीचा माणूस नसतो. आमच्या घरात जिवंतपणी ती कोणी कोणाला दिलेली मी पाहिली नव्हती, ऐकलीही नव्हती. पाव्हणे जाताना कौतुकानं सांगून गेले की अण्णा आता लिंग साध्या कापडात बांधतेत, लोकांमध्ये साधेपणा लागतो ना.

मी डबी हातात धरून स्वयंपाकघरात खालीच बसले. सायकल, रेडिओ, छत्री, माफी, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. हा माणूस मतं मागत नव्हता. हा आवरून चालला होता.

दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं नांदेड, तिथून लोहा, अहमदपूर करत लातूर गाठलं. सगळ्या वाटेवर मी अण्णाला मनातल्या मनात शिव्या देत होते. भीती वाटली की मला राग येतो, त्याला माझा इलाज नाही. घराच्या ओट्यावर चपलांचा ढीग. आत रसवंतीवाला आणि बाजारातले दहा-बारा रिकामे लोक चहा पिऊन राहिले होते. मला बघताच रसवंतीवाला उठून ओरडला, ‘‘या अक्का! ताकद वाढली!’’ उमेदवाराची बहीण प्रचाराला आली, असं त्यांनी धरलं. उमेदवार कुठाय विचारलं तर म्हणाले, मिलमध्ये, विचार करून राहिलेत.

मिलमध्ये तुरीचा दाणा नव्हता. एरवी त्या आवाजात माणसाला शेजारचा काय बोलतो ते कळत नसे. त्या दुपारी मी चप्पल काढली तेही ऐकू आलं. अण्णा रिकाम्या पोत्यांवर बसला होता. मला बघून उठला, हात जोडले आणि म्हणाला, ‘‘ये अक्का. प्रवास चांगला झाला ना? पावनं कसे हायत? लेकरं?’’

उभ्या जन्मात त्यानं मला प्रवास कसा झाला विचारलं नव्हतं. मी आले की ‘आली का, आता किती दिवस?’ एवढंच म्हणायचा. गालफडं बसली होती, सदरा खांद्यावर लोंबत होता. तो पुढं म्हणाला, ‘‘तू लई केलंस माझ्यासाठी. माझं कायबी चुकलं असंल तर मनात धरू नकोस.’’

माझ्यात पोच कमी आहे, हे सासरचे लोक सांगतील. शहाण्या माणसानं आधी इकडचं तिकडचं बोललं असतं. मी डबी काढून त्याच्यासमोर धरली आणि विचारलं, ‘‘अण्णा, जीव द्यायचं मनात हाय का तुझ्या?’’

तो डबीकडं बघत राहिला. मला वाटलं आता खवळेल, म्हणेल अवदसा, काय बोलतेस. देवा, खवळू दे, असं मी मनात म्हटलं. पण तो हळूच म्हणाला, ‘‘हाव.’’

मी त्याच्याशेजारी पोत्यावर बसले. नंतर तोच बोलायला लागला. झोप येत नाही, पहाटे पहाटे जाग येते आणि मग छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं. घास गिळत नाही. आपण सगळ्यांना नुसता ताप, आपण गेलो तर सगळे सुटतील. मी म्हटलं, ‘‘तुझा ताप तर आम्हाला जन्मापासून हाय. त्याची सवय झालीय. न्हाईसा झालास तर काय करावं आम्ही?’’

‘‘इतके दिवस कोणाला बोलला का न्हाईस?’’

अण्णा म्हणाला, ‘‘कोणी इचारलंच न्हाई. जो येतो तो म्हनतो, निशाणी कोणती घेणार?’’

मी त्याचा हात धरून त्याला घरी आणलं. मुदखेडच्या आमच्या क्वार्टरात एका गार्डाची बायको बाळंतपणानंतर अशीच भिंतीकडं तोंड करून बसायची. तिला नांदेडच्या एका मनाच्या डॉक्टरकडं नेलं होतं आणि आता ती नळावर माझ्याशी भांडण्याइतकी बरी झाली होती. मी अण्णाला म्हटलं, आपण नांदेडला जायचं. तो म्हणाला, ‘‘तू म्हनशील तसं.’’ वाद न घालता हो म्हटलं, याची मला मूळ आजाराइतकीच धास्ती वाटली.

वैनीला स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं. वैनी पोळपाटाशी होती. ऐकलं आणि लाटणं तसंच हातात धरून म्हणाली, ‘‘अक्का, वीस वर्षं झाली लग्नाला. परवा पहिल्यांदा ह्यांनी म्हनलं, भाजी चांगली झालीय. मी देवाला नारळ फोडून आले. आन् तू म्हनतीस हे आजारी हायत?’’

तिला खोटं ठरवावं तर तिचा आनंद मोडतो, न ठरवावं तर नवरा जातो. मी म्हटलं, ‘‘वैनी, भाजी चांगलीच असंल. पण त्यानं खाल्ली किती?’’ वैनीनं जरा विचार केला. मग लाटणं खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. ‘‘चव बघितल्यावानी करतेत आन् ताट सारतेत,’’ ती म्हणाली. ‘‘मला वाटलं उमेदवारी हाय म्हनून भूक न्हाई.’’ मग आम्ही दोघींनी घर पालथं घातलं. ज्या ज्या वस्तूची धास्ती वाटली ती उचलून शेजारी पोचवली, गोदामाच्या किल्ल्या मी माझ्या कमरेला खोचल्या. वैनी घाबरून एवढी कामाला लागली की तिनं पुरणयंत्रसुद्धा शेजारी नेऊन दिलं. शेजारीण म्हणाली, काय गं, प्रचाराचं सामान ठेवायला जागा करताय का?

आता सगळ्यात मोठा प्रश्न, याला एकटं सोडायचं नाही, तर बसणार कोण? मी आणि वैनी, दोन बायका. मुलीला निलंग्याहून यायला वेळ लागणार. गावाला खरं सांगावं तर अण्णाची मान खाली जाते, आणि गाव काय इलाज करील याचाही भरवसा नाही. कोणी अंगारा आणेल, कोणी मिरच्या ओवाळील. एवढ्यात ओट्यावरून रसवंतीवाल्याचा आवाज आला, ‘‘अण्णा, पानी आणू का?’’ आणि मला माझं उत्तर सापडलं.

मी त्याला बाजूला बोलावलं, इकडंतिकडं बघितलं आणि म्हटलं, ‘‘तुमच्यावर विश्वास हाय म्हनून सांगते. विरोधक अण्णाला उचलायच्या तयारीत हायत.’’

खरं तर अजून विरोधकच नव्हते. उमेदवारच नव्हता तर विरोधक कुठून येणार? पण रसवंतीवाल्याचे डोळे असे चमकले की त्या दुष्काळात इतका आनंद मी दुसऱ्या कोणाच्या तोंडावर पाहिला नाही. ‘‘मला शक व्हताच,’’ तो म्हणाला. ‘‘त्यांनला एक मिनिट एकटं सोडनार न्हाई, अक्का. जिंदगीची शपथ.’’

आणि त्यानं ती अक्षरशः पाळली. पाळ्या लावल्या. अण्णा ओट्यावर बसला तर डावीकडं एक, उजवीकडं एक. अण्णा फिरायला निघाला तर मागं सहा जण. अण्णा मागं परसात गेला तर रसवंतीवाला तांब्या घेऊन दाराबाहेर उभा आणि दर थोड्या वेळानं हाक, ‘‘अण्णा, हाय ना?’’ आतून उत्तर आल्याशिवाय तो हलायचा नाही. पहाटे अण्णाला जाग आली की हे ओट्यावर झोपलेले सगळे उठून बसत आणि कोणीतरी चहा टाकी. अण्णा मला म्हणाला, ‘‘अक्का, मला एकट्याला बसायचंय.’’ मी म्हटलं, ‘‘विरोधक उचलतील.’’ तो माझ्याकडं बघत राहिला. त्याला सगळं कळत होतं. पण त्यानं त्यांना हाकललं नाही.

नांदेडला जायला बाजारातल्या एका आडत्यानं आपली जुनी जीप दिली. उमेदवाराला म्हणून दिली, आणि मी ती त्याच नावाखाली घेतली. आम्ही अण्णासह चौघं जाणार असं ठरलं होतं, निघताना मोजलं नाही एवढे चढले. तिकिटाचं बोलणं करायला अण्णा नांदेडला चाललाय, हे जीप सुरू व्हायच्या आत बाजारभर झालं. अहमदपूरच्या स्टँडवर रसवंतीवाल्यानं खाली उतरून दोन घोषणासुद्धा दिल्या. तिथले लोक आमच्या मतदारसंघातले नव्हते, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरांचा दवाखाना एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर. दारावर चक्क मनोविकार तज्ज्ञ अशी पाटी. आता फुटलं सगळं. रसवंतीवाल्यानं पाटी मोठ्यानं वाचली, मान हलवली आणि म्हणाला, ‘‘हुशार लोक हायत. अशा जागी बैठक घेतली तर शक कुणाला येनार?’’ बाकीच्यांना त्यानं खाली थांबवलं आणि स्वतः बाहेरच्या खोलीत बाकावर बसला. बसताना तिथल्या प्रत्येक पेशंटला हात जोडून म्हणाला, ‘‘आमच्या अण्णांना लक्षात ठेवा.’’ एक म्हातारी ‘हो बाळा’ म्हणाली.

आत डॉक्टरांनी अण्णाला आधी झोपेबद्दल विचारलं, मग भुकेबद्दल, मग मीच विचारला होता तो प्रश्न तितक्याच सरळ विचारला. मला बरं वाटलं. मला वाटत होतं मी काहीतरी अभद्र बोलून बसले. मी त्यांना विचारलंही, की दुष्काळ तर सगळ्यांनाच आहे, मिल सगळ्यांच्याच बंद आहेत, मग ह्यालाच का? ते म्हणाले, हा आजार आहे बाई, कशानं तरी सुरू होतो आणि मग त्या कारणाशी त्याचं फारसं नातं राहत नाही. औषधानं बरा होईल, पण दोन-तीन आठवडे तरी फरक दिसणार नाही, आणि तेवढे दिवस ह्यांना अजिबात एकटं सोडायचं नाही. गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा. मग चिठ्ठी लिहिता लिहिता विचारलं, ‘‘घरी लक्ष ठेवायला माणूस आहे का कोणी?’’

मी म्हटलं, ‘‘हायत. कार्यकर्ते.’’

डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीतून खाली दाखवलं. जीपभोवती उभं राहून ते सगळे वर बघत होते, आणि खिडकीत माझं तोंड दिसताच त्यांनी ‘अण्णांचा विजय असो’ सुरू केलं. अण्णानं दोन्ही हातांत तोंड लपवलं. मला आधी वाटलं रडतोय. खांदे हलत होते. मग बघितलं तर तो हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मधूनच खरंच रडतही होता. डॉक्टरांनी त्याला मधे थांबवलं नाही.

दोन-तीन आठवडे म्हणजे फार मोठा काळ असतो. कॅलेंडरकडं बघायची मला भीती वाटायची. मी मुदखेडला निरोप पाठवला की चुलीचं तुमचं तुम्ही बघा. रोज सकाळी अण्णाच्या तळहातावर गोळी ठेवायची आणि त्यानं गिळली का ते तोंड उघडून बघायचं. रसवंतीवाल्यानं विचारलं तर सांगायचं, आवाजाची गोळी आहे, भाषणासाठी. त्यानं स्वतःसाठीही एक मागितली, मी त्याला ज्येष्ठमध दिला. काही दिवस अण्णाला नुसतीच गुंगी. मला वाटलं डॉक्टरनं फसवलं. मग एक दिवस तो सकाळी उशिरापर्यंत झोपला, आणि वैनी मला बोलवायला आली की हे अजून झोपलेत, भीती वाटते, चल बघायला. आम्ही दोघी दारात उभ्या राहून त्याचं पोट वरखाली होताना बघत बसलो. तो घोरायला लागला तेव्हा वैनी हुंदके देऊन रडली.

मग निवडणुकीचा विषय गळ्याशी आला. लोकांनी मिलच्या अंगणात सभा ठरवून टाकली, उमेदवारी जाहीर करायची म्हणून. गोणपाटं अंथरली, कुठून तरी भोंगा आणला. मी अण्णाला म्हटलं, तू बोलू नकोस, तब्येतीचं कारण सांगून मी मोडून टाकते. तो म्हणाला, ‘‘न्हाई. मी सांगतो.’’

तो भोंग्यासमोर उभा राहिला. म्हणाला, ‘‘मी निवडणुकीला उभा राहात न्हाई. राहनारबी नव्हतो. मला जगू वाटत नव्हतं, म्हनून मी वस्तू देऊन राहिलो होतो. नांदेडला तिकिटासाठी गेलो न्हाई, डॉक्टरकडं गेलो. मनाच्या. औषध चालू हाय. आता बरं वाटाय लागलंय. तुम्ही इतके दिवस माझ्यासंगं बसलात, त्याचा मला फायदा झाला. चहा घेऊन जा.’’ आणि खाली बसला.

भोंगा खरखरत राहिला. मला वाटलं आता हसतील. मी हसणाऱ्याचं तोंड बघून ठेवायला मान वर करून बसले होते. पण कोणी हसलं नाही. लोकांनी चहा घेतला, खाली बघत प्यायला आणि एकेक करून गेले. काहींनी नंतर बाजारात वेड्याची मिल म्हणायला सुरुवात केली, तेही खरं. आडत्यानं मात्र जीप परत मागितली नाही. नांदेडला जायचंच असतं ना अजून, म्हणाला, राहू द्या.

रसवंतीवाला त्या दिवशी चहा न घेताच गेला. आठवडाभर फिरकला नाही. मला वाईट वाटलं. खोटं बोलून त्याला राबवून घेतलं होतं, त्याचा राग बरोबरच होता. मग एका सकाळी मी मुदखेडला जायला निघाले होते. जीप नांदेडपर्यंत सोडणार होती. तिथं अण्णाच्या गोळ्या घेऊन ड्रायव्हरबरोबर परत पाठवायच्या होत्या. अण्णाची स्वतःची डॉक्टरांकडची तारीख अजून लांब होती. मी बसले तेवढ्यात रसवंतीवाला आला. धुतलेला सदरा घातलेला. जीपच्या दांडीला धरून उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलला.

‘‘अक्का, जीप नांदेडलाच चाललीय ना?’’

‘‘हाव. का हो?’’

‘‘काय न्हाई. त्या दवाखान्यात बाकावर बसलो होतो ना मी. म्हटलं सगळ्यांना हात जोडावं. तवा बघितलं एकेकाचं तोंड.’’ तो थांबला. ‘‘घरी आरशात रोज तेच दिसतंय. लई दिवस झाले. मी बोलत असतो तवर बरं असतं. घरी गेलो की...’’

मी सरकून जागा केली. तो आत चढला आणि गुडघ्यावर हात ठेवून समोर बघत बसला. ड्रायव्हरनं जीप सुरू केली. इतक्यात ओट्यावरून अण्णा ओरडला, ‘‘ए, थांब!’’ तो आत गेला, टोपी घालून बाहेर आला, वैनीला सांगितलं संध्याकाळी येतो, आणि काही न विचारता रसवंतीवाल्याच्या शेजारी येऊन बसला.

‘‘अण्णा, तुमची तारीख तर अजून लांब हाय,’’ ड्रायव्हर म्हणाला.

‘‘माहीत हाय,’’ अण्णा म्हणाला. ‘‘चल तू.’’